स्लॅबवर कौलं: जांबोटीकडचं एक घर आणि त्याची तरुण डिझायनर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या बाजूला गेलं की पावसाचं गणितच बदलतं. बेळगाव शहरात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला अथणी-रामदुर्गाकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि पश्चिमेला घाटमाथ्यावर कितीतरी पट. याच तालुक्यातल्या आमगावात २०१० साली १०,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. एका जिल्ह्यात पावसाची एवढी तफावत, पण नवी घरं मात्र सगळीकडे एकाच साच्यातली: कॉलम, बीम, वर सपाट स्लॅब आणि पुढं रंगीत कठडा.

या पट्ट्यातल्या एका गावात एका पावसाळ्यात जुन्या घराची पश्चिमेकडची भिंत रात्रीत बसली. माणसं पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, झोपलेली होती म्हणून वाचली. गोठ्यातल्या म्हशीलाही काही झालं नाही, भाताची पोती तेवढी भिजली. दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय: आता स्लॅबच घालायचा. त्यासाठी खानापूरच्या ज्या मुलीला बोलावलं, तिचं हे स्वतःच्या जबाबदारीवरचं पहिलं मोठं काम. मी त्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो, म्हणजे फुटिंग, कॉलम आणि लोखंडाच्या हिशेबापुरता. गावाचं, घरच्यांचं आणि तिचं नाव मुद्दाम देत नाही.

तिची तयारी

वडील गवंडी. पुढे छोटी-मोठी कंत्राटं घेऊ लागले, पण ओळंबा अजून त्यांच्याच पिशवीत असतो. शाळा सातवीपर्यंत मराठी, मग इंग्रजी माध्यम, कन्नड पहिल्यापासून विषय म्हणून आणि नंतर गरज म्हणून. पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान, आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठीची नाटा परीक्षा, आणि बेळगावातच व्हीटीयूशी (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी) संलग्न कॉलेजात पाच वर्षांचं बी.आर्क. इंटर्नशिप गोव्यात, नोकरी पुण्यात. पुण्याच्या त्या ऑफिसात तिच्या वाट्याला टॉवरच्या शौचालयांचे आणि डक्टचे तपशील काढणं आलं. कंटाळवाणं काम, पण पाणी इमारतीत कुठून शिरतं आणि कुठून बाहेर काढायचं हे तिला तिथंच पक्कं कळलं. मला विचाराल तर तिच्या शिक्षणातला हा सगळ्यात उपयोगी भाग.

कॉलेजात असताना हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराची मोजमापं घेऊन चित्रं काढायचं काम तिच्या गटाकडे आलं होतं. गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे देऊळ. बाकीच्यांनी मूर्ती आणि नक्षी टिपली. हिनं पाणी देवळाच्या माथ्यावरून उतरताना कुठं तुटतं आणि जोत्यापासून किती लांब पडतं हे काढलं. ती चित्रं मी पाहिली आहेत. त्यात सौंदर्य शोधायला जाल तर निराश व्हाल, पण बांधणाऱ्या माणसाला त्यातून सगळं समजतं. कमी खर्चातल्या घरांसाठी ओळखले जाणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर विद्यार्थ्यांना जाळीदार विटांच्या फोटोंमुळे आवडतात. तिला आवडतात ते वीट आडवी न ठेवता उभी लावून, मधे पोकळी सोडून विटा वाचवण्याच्या त्यांच्या काटकसरीमुळे.

परत आली तेव्हा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झालेली नव्हती. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार नोंदणीशिवाय 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. घरं आखायला मात्र बंदी नाही. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हा कायदा उपाधीपुरता आहे असं स्पष्ट केलं. म्हणून तिच्या पहिल्या कार्डावर 'आर्किटेक्चरल डिझायनर' छापलेलं होतं. गावात कुणी कार्ड वाचलं नाही. तिथं ती "गवंड्याची पोरगी", आणि कामगारांसाठी "म्याडम".

घरच्यांची यादी

घरात थोरले आबा, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. धाकटा भाऊ शेती बघतो. मधला वारला, त्याचा मुलगा गोव्यात कंपनीत आहे आणि बांधकामाच्या पैशांत त्याचा वाटा मोठा. शिवाय आबांची आई, म्हणजे घरातल्या आजी. उताऱ्यावर नाव अजून पणजोबांचं, वाटणी तोंडी. पंचायतीत ई-स्वत्तूचे फॉर्म ९ आणि ११, म्हणजे मालमत्तेचे उतारे, निघाल्याशिवाय बँक कर्जाचं नाव काढू देईना, आणि वारसा लागल्याशिवाय फॉर्म निघेनात. कागद सगळे कन्नडमध्ये. आबांना कन्नड बोलता येतं, वाचताना अडतं. पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) टेबलापुढे बसून अर्ज लिहून देण्याचं काम ओघानं तिच्यावरच आलं. शेवटी कर्जाचा नाद सोडून आबांची शिल्लक आणि पुतण्याची बचत यांवर घर उभं करायचं ठरलं. बजेट घट्ट होतं ते यामुळे.

मागण्या अशा: स्लॅब, पुढे कधी मजला चढवायची सोय, आत संडास-बाथरूम, गाडी लावायला जागा. आणि पुतण्यानं मोबाइलवर पाठवलेला एलिव्हेशनचा, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचा फोटो, त्यात काचा, चकाकती टाइल आणि सपाट माथा. आजीची मागणी एकच होती. "मी सांगतो तुला पोरी, मी हाय तवर सोपा मोडू देत न्हाई."

कौलं नकोत याची घरच्यांची कारणं मला शहरातल्या कौलारू-प्रेमींनी ऐकावीत असं वाटतं. वानरं येतात आणि एका उडीत पाच-सात कौलं फोडतात. दर मे महिन्यात घर शाकारायला लागतं, आणि छपरावर चढणारी माणसं आता मिळत नाहीत. पोरं गोव्याला, पुण्याला. रिपा वाळवी खाते. रात्री पावसात गळायला लागलं तर भांडी मांडत बसायचं. ज्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलं त्यांना 'वारसा जपा' म्हणून सांगायला तोंड लागतं.

भिंत का बसली

आधी तिनं पडलेल्या भिंतीचा पंचनामा केला. भिंत मातीची, पाया जांभ्याचा. अशा भिंती इथं ऐंशी-नव्वद वर्षं उभ्या असतात, मग हीच का बसली? तीन गोष्टी निघाल्या.

गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला होता आणि दर वेळी जुन्या थरावर नवा थर चढत गेला. आता रस्ता घराच्या जोत्याच्या बरोबरीला आला होता. पश्चिमेकडून उतरणारं पाणी गटाराऐवजी भिंतीच्या पायाशी साचत होतं. दुसरं, काही वर्षांपूर्वी घर नीटनेटकं दिसावं म्हणून मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. खालून चढलेली ओल आधी भिंतीच्या अंगावरून सुकून जायची, ती आता आतच कोंडली. गिलावा वरून धडधाकट दिसत राहिला आणि आतली माती लगदा होत गेली. शिवाय त्याच सुमारास पश्चिमेकडची पागोळी आखूड केली होती, मोटरसायकल ठेवायला पत्र्याची शेड जोडण्यासाठी. झड थेट भिंतीवर.

हे ऐकून आबा बराच वेळ गप्प राहिले. त्यांचा समज असा होता की मातीचं घर म्हणूनच पडलं. निदान महत्त्वाचं होतं, कारण याच तीन गोष्टी तशाच ठेवून काँक्रीटचं घर बांधलं असतं तरी ओल, बुरशी आणि गंजलेलं लोखंड ठरलेलं होतं.

छेद आधी, प्लॅन नंतर

आमच्याकडे घर आखायला सुरुवात प्लॅनपासून होते: इकडे हॉल, तिकडे किचन, वास्तूप्रमाणे देवघर. ती आधी छेद काढते, म्हणजे घर उभं कापलं तर कसं दिसेल ते. पाऊस कुठून येतो, कुठं आदळतो, धूर कुठून जातो, उजेड किती आत पोचतो, हे सगळं छेदात दिसतं. प्लॅनमध्ये ते लपतं. तिच्या कामाची मूळ दृष्टी हीच आहे.

या घराचा छेद असा झाला. पुढचा सोपा आणि माजघर, साग आणि मत्तीच्या (ऐनाच्या) खांब-तुळयांसकट, जसाच्या तसा ठेवायचा. पडलेली पश्चिमेकडची भिंत जांभ्याच्या चिऱ्यात नव्यानं, जोतं काळ्या दगडात रस्त्याच्या वर उचललेलं, आणि भिंतीला लागून पाणी वाहून नेणारा उघडा पाट. मागच्या अर्ध्या भागात, गोठा आणि जुनं स्वयंपाकघर होतं तिथं, आर.सी.सी. चौकट: दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास. त्यावर स्लॅब. आणि त्या स्लॅबवर पुन्हा मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर.

हे शेवटचं कळल्यावर पुतण्याचा गोव्याहून फोन आला. "स्लॅब घातल्यावर वर कौलं कशाला, ताई? दोनदा पैसे?"

तिनं त्याला सुट्टीत बोलावलं आणि स्कूटरवरून आसपासच्या गावांत फिरवून आणलं. पाच-दहा वर्षं जुन्या बहुतेक स्लॅबवर आता पत्रा आहे. कारण सरळ आहे. सपाट स्लॅब उन्हाळ्यात तापून ताणतो, रात्री आखडतो, कठड्याच्या सांध्यात चिरा पडतात. जून उजाडला की पाणी बाहेर काढणाऱ्या तोट्या पाल्यानं तुंबतात आणि स्लॅबवर तळं साठतं. वॉटरप्रूफिंगचा थर दोन-चार पावसाळे टिकतो. मग माणूस वैतागून पत्रा घालतो. म्हणजे दोन छपरांचा खर्च या पट्ट्यात सगळेच करतात. फक्त दुसरं छप्पर घाईत, कुरूप आणि उन्हाळ्यात भट्टीसारखं तापणारं होतं. तिचं म्हणणं एवढंच, की दुसरं छप्पर येणारच आहे तर पहिल्या दिवशी नीट आखून घ्या.

वानरांच्या प्रश्नावर तिचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. कौलांच्या खाली स्लॅब असेल तर फुटलेलं कौल ही आणीबाणी राहत नाही. दोन थेंब स्लॅबवर पडतील, तिथून बाहेर जातील. आणि कौल बदलायला छपरावर चढायचं नाही. माळ्यावर, स्लॅबवर उभं राहून आतून फुटकं काढायचं, नवं सरकवायचं. घरची बाईसुद्धा करू शकते. थोरल्या वहिनींनी लगेच विचारलं, "मग त्या माळ्यावर काजू वाळवता येतील काय?" येतील. पावसाळ्यात कपडेही. जुन्या घरात वरचा माळा होताच, भात आणि लाकूडफाट्यासाठी. फक्त आता त्याची जमीन काँक्रीटची.

खोल्यांची मापं कागदावर कुणाला कळेनात, तेव्हा तिनं अंगणात चुन्याच्या फक्कीनं अख्खा मागचा भाग आखला. आजी त्या रेघांमधून चालून आल्या आणि न्हाणी देवघराच्या भिंतीला लागते म्हणून तिथल्या तिथं हलवून घेतली.

सर्वात कडक विरोध तिच्याच घरातून झाला. वडील म्हणाले, "मी आयुष्यभर कौलं उतरवून स्लॅब घातले, आणि तू परत कौलं चढवायलीस?" काम मात्र त्यांच्याच टोळीनं केलं.

माझ्याकडचा भाग

मजला चढवायची सोय हा खरा तिढा होता. इथं सोय म्हणजे स्लॅबच्या वर कॉलमच्या सळ्या मोकळ्या सोडणं. त्या दोन पावसाळ्यांत गंजतात, आणि मजला चढतो तेव्हा त्या गंजावरच सांधा घातला जातो. तिनं सळ्या सोडायला नकार दिला. मी फुटिंग आणि कॉलम वरच्या एका मजल्याच्या भाराला धरून काढले, आणि छपराच्या कैच्या (कौलं पेलणारे त्रिकोणी सांगाडे) वेल्डिंगऐवजी बोल्टनं जोडायचं ठरवलं. मजला चढवायचा दिवस आला तर कैच्या सोडवून, वर नेऊन पुन्हा बसवता येतात. लाकडी वाशांऐवजी लोखंडी चौकोनी नळ्या, उतार तीस अंशांच्या आसपास, पागोळी चांगली अडीच-तीन फूट बाहेर, आणि कडेच्या कौलांना तारेनं बांधणी, कारण या भागात वारा कौल खालून उचलतो.

कौलांबाबत एक अडचण चित्रांत दिसली नव्हती. मंगळुरी कौल हे नाव एक असलं तरी प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला स्वित्झर्लंडच्या बासल मिशनचा पहिला कौल कारखाना काढला, पुढे किनाऱ्यावर आणि खानापुरातही कारखाने झाले. जुन्या कौलांच्या पाठीवर त्यांचे शिक्के असतात. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. म्हणून उतरवलेली सगळी जुनी कौलं निवडून फक्त पुढच्या सोप्यावर घातली, मागं नवी. सोप्यात आणि माजघरात मधूनमधून काचेची कौलं घातल्यानं दिवसा दिवा लावायची गरज उरली नाही. माजघर उजळल्यावर आजींची पहिली तक्रार, की भिंतींचा काळेपणा आता दिसतो.

एलिव्हेशनच्या फोटोचं काय झालं? गाडीच्या जागेवरच्या छोट्या छपराला पुतण्याच्या पसंतीची टाइल लागली. ती मला आवडत नाही. तिलाही नाही. पण पैसे घालणाऱ्या तरुणाला घरात स्वतःचं काहीतरी दिसायला हवं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

पहिला पावसाळा

भिंती कोरड्या राहिल्या, पाट वाहता राहिला. गळलं ते नेमकं जुनं छप्पर आणि नवं छप्पर जिथं भेटतात त्या घळीत. तिथली पत्र्याची पन्हळ अरुंद होती. फणसाचा पाला अडकला, पाणी मागं सरून कौलांखाली शिरलं आणि माजघराच्या एका कोपऱ्यात टपकू लागलं. दोन छपरांचा सांधा ही अशा घरातली सगळ्यात धोक्याची जागा, आणि चित्रात तिनं ती एका रेघेत उरकली होती. पाऊस उघडल्यावर पन्हळ काढून दुप्पट रुंदीची, जाड पत्र्याची घातली, कौलांची कड मागं घेतली. मजुरीचा खर्च तिनं फीतून सोसला. मला विचारलं असतं तर मी निम्माच सोसायला सांगितलं असतं, कारण पाला काढायची सूचना घरच्यांना दिलेली होती. तिचं म्हणणं, जी पन्हळ जूनमध्ये रोज साफ करावी लागते ती आखणीच चुकीची.

पहिल्या दिवशीचा खर्च नुसत्या स्लॅबच्या घरापेक्षा जास्त झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. कठडा आणि वॉटरप्रूफिंग वाचलं, जुनी कौलं आणि लाकूड वापरलं गेलं, तरीही. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत त्याला हे घर परवडत नाही. मग त्याच्यासाठी काय, हा प्रश्न तिच्यापुढे अजून आहे. २०१९ च्या पुरात आणि अतिवृष्टीत जिल्ह्यात ज्यांची घरं पूर्ण पडली त्यांना सरकारनं पाच लाख जाहीर केले होते. तेवढ्यात या पट्ट्यात टिकणारं छोटं घर कसं बसेल, याचे छेद ती सध्या काढते आहे. त्यात स्लॅब फक्त न्हाणी आणि स्वयंपाकघरावर, बाकी छप्पर एकेरी.

पुढं काय

तिची उद्दिष्टं ऐकायला साधी आणि पेलायला अवघड आहेत. नोंदणी झाली, आता सही तिची चालते. कॉन्झर्वेशनमध्ये एम.आर्क. करायचं मनात होतं, ते तिनं पुढं ढकललं आहे. माझ्या मते बरोबर केलं. खानापूरच्या पश्चिमेची जुनी घरं दर पावसाळ्यात कमी होत आहेत. ती मोजून, त्यांच्या सांध्यांसकट कागदावर उतरवायची ही तिची इच्छा पदवीपर्यंत थांबण्यासारखी नाही. दुसरी इच्छा चिऱ्याचं आणि कौलांचं काम नीट करणाऱ्या दोन टोळ्या तयार करण्याची. टोळी नसेल तर तिचे छेद कपाटातच राहणार.

अडचण पोटाची आहे. गावात 'नकाशा' म्हणजे पंचायतीत किंवा बँकेत लावायचा कागद, आणि त्याची किंमत चौरस फुटावर ठरते. घर कसं असावं याचा विचार, साइटवरच्या फेऱ्या, कन्नड अर्ज, हे सगळं लोकांच्या हिशेबी फुकट. या घराची फी तिला तीन हप्त्यांत मिळाली, शेवटचा काजूचा हंगाम संपल्यावर. ऑफिसचं भाडं आणि पेट्रोल सुटतं ते बेळगावच्या फ्लॅटांतल्या मॉड्युलर किचनमधून आणि दुकानांच्या थ्रीडी चित्रांतून. तिला त्याची लाज वाटते, मला वाटत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: पीडीओकडच्या फेऱ्यांचे पैसे ती अजूनही लावत नाही. सीमाभागातल्या मराठी घरमालकाला कन्नड कागदपत्रांतून वाट काढून देणारी डिझायनर ही मोठी सोय आहे, आणि सोयीचे पैसे मागणं म्हणजे लूट नव्हे.

या घरानंतर तिच्याकडे नवी विचारणा आली ती बेळगावच्या एका लेआउटमधल्या तीस बाय चाळीसच्या प्लॉटसाठी. मालक प्राथमिक शिक्षक. त्यांनी जांबोटीकडचं घर पाहिलं होतं आणि त्यांना तसंच हवं होतं, स्लॅबवर कौलं. तिनं नाही म्हटलं. शहरातल्या पावसाला आणि एवढ्याशा प्लॉटला दुहेरी छप्पर नको. स्लॅबला नीट ढाळ, तोट्या दुप्पट, आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर खोल सज्जे पुरेत. मास्तर थोडे हिरमुसले, पण काम तिलाच दिलं. साइटवरच्या फेऱ्या आणि महापालिकेतल्या कागदांचे पैसे वेगळे, हे तिनं या वेळी पहिल्याच पत्रात लिहून दिलं आहे.